बियाण्यांचा कागद

मशीनमधून नुकताच बाहेर पडलेला ताव उल्हास टिपणीसने सवयीने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यावर टोमॅटो असायला हवे होते. टोमॅटो, घेवडा, काकडी, झेंडू, एका तावात चाळीस पाकिटं. त्याऐवजी तावावर महाराष्ट्र मंडळाचे डॉक्टर प्रताप राजाध्यक्ष होते. चार वेळा, रंगीत, गळ्यात रेशमी टाय आणि चेहऱ्यावर साऱ्या समाजाचा भार आपणच वाहत असल्याचं हसू.

"हे कोणी चढवलं?" त्याने मशीन चालवणाऱ्या एडला विचारलं. मशीनच्या खडखडाटात दोनदा विचारावं लागलं.

"वॉल्टने सांगितलं. काल सकाळपासून हेच चाललंय," एड म्हणाला. "तुझ्या देवाचा कागद मात्र झकास आहे हं. शाई काय सुंदर बसतेय."

उल्हासने ताव खाली ठेवला आणि तो गोदामाच्या मागच्या भिंतीकडे गेला. घाई केली नाही. काय दिसणार ते त्याला कळून चुकलं होतं. भिंतीशी लाकडी फळ्यांवर रचलेली कागदाची आठ पॅलेट असायला हवी होती, तिथे दीड उरलं होतं. बाकीची जागा मोकळी होती आणि कोणीतरी ती झाडूनही घेतली होती. अंगातला कोटही त्याने अजून काढला नव्हता. दोन दिवस कॅलमझूला जाऊन, कागद गिरणीच्या कचेरीत बाकावर बसून, आणखी थोडा कागद द्या म्हणून हातापाया पडून तो नुकताच परतला होता, रिकाम्या हातांनी.

साल १९८८, महिना फेब्रुवारी. आदल्या उन्हाळ्यापासून चकचकीत कागद मिळेनासा झाला होता. मासिकं जाडजूड झाली होती, घरोघरच्या टपालपेट्यांत कॅटलॉगांचे ढीग पडत होते, त्यात कुठल्याशा गिरणीत संप झाला. मग गिरण्यांनी कोटा लावला. मोठ्या छापखान्यांना ट्रक भरभरून जायचे आणि मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या बोमन प्रिंटर्ससारख्या बावीस माणसांच्या छापखान्याला सांगायचे, पुढच्या महिन्यात बघू. जो सेल्समन वर्षभर दर सोमवारी डोनटचा खोका घेऊन यायचा, त्याची सेक्रेटरी आता तो मीटिंगमध्ये आहे म्हणायची. उल्हासने लहानपणी रेशनच्या रांगा पाहिल्या होत्या. इथे रांग नव्हती एवढाच फरक. इथे लोक तुम्हाला छान दिवस जावो म्हणून फोन ठेवून द्यायचे.

बोमन प्रिंटर्समध्ये कागद विकत घेणं आणि कुठलं काम कुठल्या मशीनवर कधी चढवायचं ते ठरवणं, ही उल्हासची नोकरी. अठरा वर्षं तो हेच करत होता. प्रिंटिंगचा डिप्लोमा घेऊन तो अमेरिकेत आला तेव्हा त्याला वाटलं होतं की इथे आपली माणसं भेटतील आणि परकेपणा वाटणार नाही. माणसं भेटली. ती सगळी हृदयाची डॉक्टर किंवा गाड्यांच्या कंपन्यांतली इंजिनिअर होती. त्यांच्यात उल्हासची ओळख 'आपला प्रिंटर' अशी करून दिली जायची. आरत्यांची पानं, मुंजींच्या पत्रिका, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांची तिकिटं त्याने अठरा वर्षं कातरणीच्या कागदावर फुकट छापून दिली. मोठ्या कामाचा ताव कापला की कडेच्या पट्ट्या उरतात, त्यातून तो ही समाजसेवा करायचा. मालक वॉल्टची हरकत नव्हती. पण छापखान्यात उल्हास नेमकं काय करतो, हे इतक्या वर्षांत कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

एका बाईने मात्र विचारलं होतं. ट्रॉयच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर लपीर गावाबाहेर डोरोथी हॉफमन नावाच्या म्हातारीचा बियाण्यांचा धंदा होता. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने चालवला. एक मोठी लाकडी कोठी, तिच्यात बियांची पिंपं, लांब टेबलं आणि टेबलांशी बसून पाकिटं भरणाऱ्या अकरा बायका. मिशिगनभर पसरलेल्या हार्डवेअरच्या दुकानांमध्ये तिचा तारेचा फिरता स्टँड असायचा. चौदा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा छापखान्यात आली तेव्हा तिने उल्हासला विचारलं होतं, "तुमच्याकडे लोक परसात काय लावतात?"

"मेथी," उल्हास म्हणाला होता.

तिने मेथी शोधून काढली. पुढच्या वर्षी तिच्या यादीत एकशेचौदा नंबरचं पाकीट आलं, मेथीचं. त्यावरचा फोटो उल्हासच्याच परसातल्या वाफ्याचा होता. ते पाकीट ट्रॉयमधल्या मराठी बायका सोडल्या तर अख्ख्या मिशिगनमध्ये कोणी घेत नसे. तरी दरवर्षी ती ते छापून घ्यायची.

त्या अकरा बायकांचं आणि त्या कोठीचं सगळं एका तारखेवर अवलंबून असायचं. एक मार्चला भरलेली पाकिटं दुकानात पोचली पाहिजेत. नाही पोचली तर दुकानवाले स्टँड उचलून बाहेर ठेवणार आणि त्या जागी मोठ्या कंपनीचा स्टँड लावणार. बी वर्षभर थांबेल, पण पेरणारा थांबत नाही. कागदाची टंचाई सुरू झाली तेव्हा उल्हासने तिला फोनवर सांगितलं होतं, "मिसेस हॉफमन, तुम्ही काळजी करू नका. एक मार्च. माझा शब्द."

आणि शब्द पाळायची तयारीही त्याने केली होती. सप्टेंबरपासून हळूहळू, या कोट्यातून एक, त्या कोट्यातून एक, अशी आठ पॅलेट जमवली होती. अडचण एकच होती. त्यांवर कुठल्या कामाचं तिकीट लावता येत नव्हतं, कारण कुठलं बी किती उगवतं याची चाचणी झाल्याशिवाय म्हातारी पाकिटांची ऑर्डर देत नसे आणि ती चाचणी फेब्रुवारीत व्हायची. बिनतिकिटाचा कागद म्हणजे बेवारशी कागद. नोव्हेंबरमध्ये एका कॅलेंडरवाल्यासाठी राखलेला अर्धा कागद छापखान्याच्याच दुसऱ्या सेल्समनने आपल्या गिऱ्हाइकासाठी परस्पर उडवला होता. म्हणून उल्हासने आठही पॅलेट मागच्या भिंतीशी नेली, वहीत 'खराब माल' अशी नोंद केली आणि प्रत्येकावर एक पुठ्ठा लावून त्यावर जाड मार्करने मराठीत लिहिलं: 'बियाण्यांचा कागद. हात लावू नये.'

मराठीत का, तर छापखान्यात ते कोणालाच वाचता येणार नव्हतं. एडने विचारलं होतं, हे काय लिहिलंय? उल्हास नुसता हसला. एडला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं असणार. त्याने ते सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हापासून तो 'उल्हासच्या देवाचा कागद' झाला. त्या कोपऱ्याजवळून जाताना लोक चक्क हळू बोलायचे. उल्हासने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. स्वतःच्या हुशारीवर तो मनातल्या मनात खूश होता.

एवढी हुशारी केली खरी, पण मराठी वाचणारा माणूस छापखान्यात येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अठरा वर्षांत एकही आला नव्हता.

वॉल्ट बोमन त्याच्या खोलीत जेवणाचा डबा उघडून बसला होता. बायपासनंतर त्याच्या डब्यात सॅलडशिवाय काही नसायचं आणि ते तो शिक्षा भोगल्यासारखा खायचा.

"तू आत येणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "दार लाव."

"तो मिसेस हॉफमनचा कागद होता."

"असेल. मला कुठे सांगितलंस? वहीत तू खराब माल लिहिलास. मी, या जागेचा मालक, पाच महिने गिऱ्हाइकांना कागद नाही म्हणून हात जोडतोय, आणि माझा माणूस आठ पॅलेट दडवून बसलाय. तेही देवाच्या नावावर!"

"देवाचं मी म्हटलं नव्हतं."

"नाही, तू नव्हतंस म्हटलं. तू काहीच म्हटलं नव्हतंस." वॉल्टने काटा खाली ठेवला. "डॉक्टर मंगळवारी आले. त्यांना जागा दाखवत होतो. मी म्हटलं, डॉक्टर, तुमचं पुस्तक करायला मला आवडलं असतं, पण कागदच नाही, जो एवढा आहे तो उल्हासच्या धर्माचा आहे. ते पुढे झाले, वाचलं आणि पोट धरून हसायला लागले. माझी काय शोभा झाली असेल, विचार कर."

"तुम्ही नाही म्हणू शकला असता."

"या माणसाने माझं हृदय हातात धरलं होतं, उल्हास. खरोखर हातात. त्याला मी नाही म्हणू? आणि त्याच्याकडे मला पाठवलं कोणी? तूच ना?"

ते खरं होतं. वॉल्टच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा उल्हासनेच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, आमच्यातले एक फार मोठे सर्जन आहेत. आमच्यातले! त्या शब्दाची त्याला आता लाज वाटली.

"उरलेलं दीड पॅलेट तरी ठेवा," तो म्हणाला.

"मुखपृष्ठाला लागणार आहे," वॉल्ट म्हणाला आणि पुन्हा सॅलडकडे वळला. "हे बघ, मला वाईट वाटतंय. पण तू मला विचारायला हवं होतंस."

डॉक्टरांना उल्हासने घरून फोन केला. मंडळाला वीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची, ती गुळगुळीत कागदावर, रंगीत काढायची, हे डॉक्टरांचं टुमणं दिवाळीपासून चालू होतं. शिकागोच्या मंडळाची त्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. मजकूर पुण्याला जुळवून, छपाईसाठी लागणारे त्याचे फोटो, म्हणजे ब्रोमाइड, विमानाने आणवले होते. संक्रांतीला तिळगूळ देतादेता त्यांनी उल्हासला पुन्हा गाठलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं होतं की अमेरिकेत कागदच नाही, माझ्याकडे तर चिटोराही नाही.

"काय टिपणीस!" डॉक्टरांचा आवाज फोनमधून सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. "पकडलं की नाही तुम्हाला? तिळगूळ घेऊन खोटं बोललात की हो!"

"डॉक्टर, तो दुसऱ्यांचा कागद आहे. एका बाईंचा अख्खा सीझन आहे त्याच्यावर."

"वाचलं ना मी. सीड्सची पाकिटं. अहो, सीड्स काय, ब्राउन एन्व्हलपमध्येही विकता येतात. स्मरणिका म्हणजे हिस्टरी आहे आपली. पन्नास वर्षांनी आपली नातवंडं हातात घेतील."

"नातवंडांना मराठी वाचता येणार आहे का?"

"तुम्ही ना, उगाच निगेटिव्ह बोलता, टिपणीस. मी वॉल्टशी बोललोय, ही इज व्हेरी हॅपी. आणि मला एक सांगा, तुम्ही आमचे की त्या म्हातारीचे?"

उल्हासच्या जिभेवर उत्तर होतं, पण समोर टेबलाशी नीला, त्याची बायको, नको नको अशी मान हलवत होती. मंडळाच्या भिशीत तिच्या सगळ्या मैत्रिणी होत्या. त्याने फोन ठेवला.

"जाऊ द्या ना अहो," ती म्हणाली. "मोठी माणसं आहेत. आपल्याला त्यांच्यातच राहायचंय."

"त्यांच्यात नाही राहायचं मला. शिसारी आलीय मला त्यांची."

"इट्स जस्ट पेपर, डॅड," कॉलेजातून सुट्टीला आलेली दीपा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

उल्हासला तिचा राग आला नाही. कागद म्हणजे काय हे घरातही आपण कोणाला कधी सांगितलं नाही, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

म्हातारीला फोनवर सांगायची हिंमत त्याला झाली नाही. शनिवारी तो गाडी काढून लपीरला गेला. दोन्ही बाजूंना बर्फाने पांढरी झालेली शेतं, रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकून झालेला राखाडी चिखल. कोठीत शिरताच बियांचा कोरडा, धुळकट वास आला. टेबलांशी अकरा बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बिया मापून तयार होत्या, ओळीने वाडग्यांमध्ये. त्याच्या हातात पाकिटांचे खोके दिसतील म्हणून सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

त्याने मिसेस हॉफमनला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. पुठ्ठ्यावरचं मराठीही सांगितलं, देवाचा कागदही सांगितला, काही लपवलं नाही. सांगताना त्याला स्वतःचीच किळस येत होती. मालकाला विश्वासात घेऊन, उघडपणे, तिच्या नावाने कागद मागून घेतला असता तर वॉल्ट कदाचित हो म्हणाला असता. पण उल्हासला कुलूप हवं होतं, आणि किल्ली नेमकी आपल्याच लोकांच्या खिशात आहे हे तो विसरला होता.

"तू एक मार्च म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"आज वीस आहे."

"हो."

मग तिने खाकी लिफाफ्यांचा एक गठ्ठा आणि रबरी शिक्का पुढे ओढला. आठवडाभर त्या बायका लिफाफ्यांवर शिक्के मारत बसल्या. टोमॅटो. काकडी. झेंडू. उल्हास रोज संध्याकाळी काम संपलं की तासभर गाडी चालवून जायचा आणि शिक्के मारायचा. त्याची बोटं शाईने भरलेलीच असायची, त्यामुळे घरी ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुकानवाल्यांनी लिफाफे परत पाठवले. सोबत दोन ओळींचं सभ्य पत्र होतं. चित्राशिवाय गिऱ्हाईक पाकीट उचलत नाही, त्यामुळे या वर्षी आम्ही दुसरी व्यवस्था केली आहे. ती दुसरी व्यवस्था तेवढ्यात दुकानांमधून गरगर फिरूही लागली होती, मोठ्या कंपनीचे टोमॅटो, लालभडक, चकचकीत कागदावर. मोठ्या कंपनीला कागद मिळाला होता. त्यांना नेहमीच मिळतो.

मार्चच्या एकोणीस तारखेला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मंडळाचा कार्यक्रम होता. शाळेचं मोठं सभागृह भाड्याने घेतलं होतं. दारात रांगोळी होती, आत पैठण्यांची सळसळ आणि शेजारच्या हॉलमध्ये पुरी-श्रीखंडाची मांडामांड. उल्हासला यायचं नव्हतं, नीलासाठी आला. प्रत्येक खुर्चीवर एक स्मरणिका ठेवली होती. दीडशे पानं, हाताला लोण्यासारखी लागणारी. उल्हासने अंगठ्याने एक पान चाचपलं. छपाई उत्तम झाली होती. ती तशी झाली याचाही त्याला संताप आला.

त्यात काय होतं? डॉक्टरांचं मनोगत, पानभर फोटोसह. डॉक्टरांच्या सौ.चं मनोगत. सात शुभेच्छा संदेश. कोणा इंजिनिअरचं ग्रँड कॅनियनचं प्रवासवर्णन, त्यात कॅनियन कमी आणि गाडीचं मायलेज जास्त. साठ पानं जाहिराती, घरविक्रीवाले, दंतवैद्य, साड्यांची दुकानं. आणि शेवटच्या पानावर ऋणनिर्देश. त्यातलं एक वाक्य उल्हासने दोनदा वाचलं: 'कागदाच्या देशव्यापी टंचाईतही डॉ. प्रताप राजाध्यक्ष यांनी अथक प्रयत्नांनी हा दर्जेदार कागद मिळवून दिला, याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे.'

"तुमचं नाव नाही टाकलं का हो?" नीला कुजबुजली.

"बरं झालं," तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि लोक जेवायला उठले. उठताना स्मरणिका खुर्चीवरच राहिल्या. कोणी त्यावर बसलं होतं, कोणी पोराला उंच दिसावं म्हणून त्याच्याखाली तीन ठेवल्या होत्या. जेवणाच्या हॉलमध्ये श्रीखंडाच्या पातेल्याखाली टेबलाला डाग पडू नये म्हणून दोन उघड्या करून पसरल्या होत्या. एक बाई मनोगताच्या पानावर लोणच्याची फोड ठेवून पुरी खात होती. डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आणखी एक गेली होती, पन्नास वर्षांनी नातवंडांनी हातात घ्यायची ती.

"टिपणीस!" डॉक्टर हात पुसत आले. "काय झकास काम झालं! शिकागोवाले जळतील बघा. बरं, एक काम आहे. बरीच उरलीत, तीनेक बॉक्स होतील. हॉल क्लीन करून द्यायचाय. तुम्ही घेऊन जा ना. तुमच्याकडे रद्दीची काहीतरी सिस्टिम असेलच."

उल्हासने त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टर, त्या बाईंचा धंदा बंद होतोय. अकरा बायका घरी बसल्यात."

"कोण? हां हां, त्या सीड्सवाल्या." डॉक्टरांचा चेहरा क्षणभर खरंच ओशाळला, निदान उल्हासला तसं वाटलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, अमेरिकेत बिझनेस असाच असतो. कोणी येतं, कोणी जातं. चला, श्रीखंड घ्या. सणाच्या दिवशी असं तोंड करू नका."

"मला तुमचं श्रीखंड नको," उल्हास म्हणाला, आणि ते जरा मोठ्याने म्हणाला. चार माणसांनी वळून पाहिलं. नीलाने मान खाली घातली. डॉक्टरांचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला. अठरा वर्षांत आपला प्रिंटर कोणाला नको म्हणाल्याचं त्यांच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं.

खोके मात्र त्याने उचलले. एक, दोन, तीन, गाडीच्या डिकीत टाकले. छापलेला कागद तिथे कचऱ्यात पडू द्यायला त्याचा हात धजेना. पण नंतर रद्दीतही तो टाकवेना, आणि ते खोके दोन महिने डिकीत तसेच पडून राहिले.

मे महिन्यात लपीरहून एक पोस्टकार्ड आलं. तिसऱ्या शनिवारी कोठी रिकामी करते आहे, बी फुकट आहे, येताना आपलं भांडं घेऊन या. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: तुझी मेथी बाजूला ठेवली आहे.

तो गेला. बर्फ कधीच वितळला होता, शेतं नांगरून काळी झाली होती. कोठीबाहेर माणसांची रांग होती, शेतकरी, शाळामास्तर, नातवाला घेऊन आलेल्या आज्या. अकरांपैकी सातजणी आल्या होत्या आणि पिंपांतून मापाने बी काढून देत होत्या. पण अर्ध्या लोकांनी भांडं आणलंच नव्हतं. कॉफीचे डबे संपले, खाकी लिफाफे संपले, एका म्हाताऱ्याने टोपीत मटार घेतले. मागे उभी असलेली एक बाई दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून म्हणाली, यातच द्या, आणि झेंडूचं बारीक बी तिच्या बोटांमधून गवतावर सांडलं.

उल्हास ते पाहत होता. मग तो गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि पहिला खोका घेऊन आला. त्याने टेबलाची एक कड मोकळी केली. स्मरणिकेची शिवण अंगठ्याने उसवली आणि एक पान सुटं केलं. चकचकीत कागदाची पुडी नीट बसत नाही, घडीवर तडकते. पण कुठलाही कागद एका दिशेने सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो, आणि ती दिशा कुठली हे त्याला बोटांना लागताच कळायचं. लहानपणी कोपऱ्यावरचा वाणी बांधायचा तशी त्याने पुडी बांधली, कोन करून, तळ आत मुडपून, वरचं टोक खोचून. ओंजळीतलं बी तिच्यात ओतलं. बाईने पुडी हलवून पाहिली. एक कण सांडला नाही.

मग रांग त्याच्याकडे वळली. ग्रँड कॅनियनमध्ये मुळा गेला. दंतवैद्यांत काकडी गेली. डॉक्टरांच्या रंगीत फोटोच्या पानाची मोठी पुडी झाली, तिच्यात घेवडा मावला. त्या बायकांपैकी दोघी येऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पाहून पाहून पुड्या बांधायला शिकल्या. दुसरा खोका उघडला, मग तिसरा. कोणी पानांवरची ती अक्षरं निरखून पाहायचं आणि छान आहेत म्हणायचं.

दुपार कलली तेव्हा मिसेस हॉफमन स्वतः वाडगं घेऊन आली. त्यात मेथी होती, पिवळी, टणक, तळहातावर घेतली तर घराचा वास येणारी. उल्हासने पुढची प्रत उचलली आणि हाताला लागलं ते पान उसवलं. ते शेवटचं होतं, ऋणनिर्देशाचं. त्याने त्याकडे एकदा पाहिलं आणि घडी घातली.

"काय लिहिलंय रे यावर?" म्हातारीने विचारलं. "दिवसभर विचारीन म्हणतेय."

"कागद कुठून आला ते लिहिलंय."

"कुठून आला?"

त्याने तळ आत मुडपला, बी ओतलं, वरचं टोक खोचलं आणि पुडी तिच्यापुढे धरली.

"तुमच्याकडून," तो म्हणाला.

तिने पुडी घेतली नाही, त्याच्याच मुठीत परत दाबली. मग रिकामं वाडगं उचलून ती पिंपाकडे गेली, कारण रांगेत अजून सात-आठ माणसं उभी होती.